कोल्हापूरच्या काळ्या मातीत फॉक्सटेल पाम कसा लावावा, कसा जपावा

फाटकाच्या दोन्ही अंगांना पाम लावायची हौस कोल्हापुरात जुनी आहे. अलीकडे रॉयल पाम आणि बॉटल पामच्या जोडीला फॉक्सटेल पामही दिसू लागलाय. त्याच्या पर्णिका मधल्या दांड्याभोवती चहूबाजूंनी फुटतात, त्यामुळे झावळी गोल आणि भरीव दिसते. खोड राखाडी, गुळगुळीत, वळ्यावळ्यांचं. झाड साधारण ३० फुटांपर्यंत जातं. जुनी झावळी वाळली की आपोआप गळून पडते.

त्याचं मूळ ठिकाण ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या उत्तरेला, केप मेलव्हिल भागात. तिथं ग्रॅनाइटच्या मोठमोठ्या शिळांमधल्या भरड वाळूत तो वाढतो. शास्त्रीय नोंद झाली १९८३ साली, वोडिएटिया बायफर्काटा या नावानं. तिथं पाऊस भरपूर, पण मुळांशी पाणी थांबत नाही. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. नदीकडच्या चिकट काळ्या मातीत जून ते सप्टेंबर पाणी मुरत नाही आणि मुळं कुजतात. माझ्या मते इथं फॉक्सटेल उन्हाळ्यात पाणी कमी पडून जितका मरतो, त्याहून जास्त पावसाळ्यात मरतो. म्हणून सगळी मेहनत लावण्याआधी करा.

जागा आणि माती

मे महिन्यातच दोन फूट खोल खड्डा घ्या, पाण्यानं भरा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघा. पाणी मुरलं असेल तर तिथंच लावा. पाचगावच्या बाजूची मुरमाड जमीन किंवा पन्हाळ्याकडची तांबडी माती असेल तर बहुधा अडचण येत नाही. पाणी तसंच उभं असेल तर खड्ड्यात चांगली माती भरून समाधान मानू नका. भोवतालचं पाणी झिरपून त्यात येतं आणि खड्ड्याचा हौद होतो. त्यापेक्षा जमिनीवर एक-दीड फूट उंच, पाच-सहा फूट रुंद उंचवटा करा. त्यासाठी आपली माती, मुरूम किंवा भरड वाळू आणि पूर्ण कुजलेलं शेणखत एकत्र करा. बंगल्याच्या भिंतीपासून किमान आठ फूट सोडा, वर विजेची तार नको, आणि दिवसभर ऊन हवं.

रोप निवडणं आणि लावणं

उंच रोपापेक्षा मधला कोंब ताठ आणि हिरवा असलेलं रोप घ्या. कोंब हलक्या हातानं ओढून बघा; तो सुटून आला तर आत कूज आहे, ते रोप घेऊ नका. पामला वाढीचं टोक एकच असतं. ते गेलं की झाड गेलं, बाजूनं फुटवा येत नाही.

पहिले एक-दोन पाऊस झाल्यावर लावा. पिशवी कापून काढा, मुळांचा गोळा फोडू नका. कुंडीत खोड जेवढं उघडं होतं तेवढंच उघडं ठेवा. झाड हलू नये म्हणून खोल गाडायची सवय असते, पण त्यानं मुळं गुदमरतात आणि नवं पान पिवळं पडतं. हलत असेल तर बांबूचे आधार द्या. वर उसाच्या पाचटाचं आच्छादन घाला, पण ते खोडाला टेकवू नका.

पाणी आणि खत

पहिल्या वर्षी उन्हाळ्यात आठवड्यातून दोन-तीनदा भरपूर पाणी द्या. रोज थोडं थोडं शिंपडून उपयोग नाही. पावसाळ्यात देऊच नका.

खताच्या बाबतीत झाडाकडे बघायला शिका. जुन्या, खालच्या पानांवर पिवळे-नारिंगी ठिपके आणि टोकं करपलेली दिसली तर पालाश (पोटॅशियम) कमी. जुन्या पानांच्या कडा पिवळ्या आणि मधला भाग हिरवा असेल तर मॅग्नेशियम कमी. नवीन पानच पिवळं येत असेल तर लोह कमी; चुनखडीच्या काळ्या मातीत हे फार दिसतं, पण त्याआधी पाणी साचतंय का ते तपासा. नवं पान आखूड आणि चुरगळलेलं निघालं तर मँगनीज हवं. नुसता युरिया टाकत राहिलं की पालाशची कमतरता वाढते, म्हणून पालाश जास्त असलेलं मिश्रखत थोडं थोडं, वर्षातून तीन-चारदा, खोडापासून फूट-दीड फूट लांब द्या.

खालची पिवळी पानं दिसायला वाईट, म्हणून माळी ती छाटून टाकतात. तसं करू देऊ नका. झाड त्याच पानांतला पालाश ओढून वरच्या पानांना देत असतं. पूर्ण वाळेपर्यंत थांबा.

गेंड्या भुंगा

नव्या झावळीवर कात्रीनं कापल्यासारखे त्रिकोणी काप दिसले की हा भुंगा कोंबात शिरलाय असं समजा. त्याच्या अळ्या उकिरड्यात आणि कच्च्या शेणखतात वाढतात, त्यामुळे झाडाजवळ खताचा ढीग नको. छिद्रातून भुंगा तारेच्या आकड्यानं काढा आणि कोंबाशेजारच्या बेचक्यात वाळू व निंबोळी पेंडीची भुकटी भरा.

बियांपासून रोप

फळं पिकून नारिंगी-लाल झाली की गर धुऊन काढा, बी दोन दिवस पाण्यात भिजवा आणि खोल कुंडीत वाळूमिश्रित मातीत पेरा. उगवायला दोन-तीन महिने, कधी त्याहूनही जास्त लागतात. तोवर माती नुसती ओलसर ठेवा आणि बी उकरून बघू नका.