दहा बाय बाराच्या खोलीसाठी ट्रान्समिशन लाइन सबवूफर : आखणी आणि बांधणी

ट्रान्समिशन लाइन म्हणजे एका टोकाला बंद, दुसऱ्या टोकाला उघडा आणि जागा वाचवण्यासाठी पेटीत दुमडून बसवलेला हवेचा एक लांब बोगदा होय. वूफरच्या, म्हणजे खर्जाचा आवाज काढणाऱ्या स्पीकरच्या, पडद्यामागून निघणारा आवाज या बोगद्यातून फिरून तोंडाशी येतो आणि ज्या कंप्रतेची चतुर्थांश तरंगलांबी बोगद्याच्या लांबीइतकी असते, तेथे तो समोरच्या आवाजाला जोड देतो. ब्रिटनमध्ये आर्थर बेली यांनी १९६५ साली लांब धाग्याची लोकर भरलेली अशी पेटी मांडली, तेव्हापासून घरी पेट्या बांधणाऱ्यांमध्ये हा प्रकार टिकून आहे. पोर्टच्या, म्हणजे हवेसाठी आखूड नळी बसवलेल्या, पेटीपेक्षा ही मोठी होते आणि सुतारकामही वाढते. मात्र अरुंद नळीतून हवा फुसफुसण्याचा त्रास येथे होत नाही, आणि माझ्या कानांना तरी हा खर्ज अधिक मोकळा वाटतो.

सर्वप्रथम कंप्रता ठरवावी. बास गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्‌झला वाजते, म्हणून घरगुती ऐकण्यासाठी ४० हर्ट्‌झ हे लक्ष्य पुरेसे आहे. मुंबईच्या २८-३० अंशांच्या हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४८ मीटर जातो. त्याला चार गुणिले चाळीसने, म्हणजे १६० ने भागले की २१७.५ सेंटिमीटर येतात. तोंडाबाहेरची थोडी हवाही बोगद्याचाच भाग असल्यासारखी हलते, म्हणून आपल्या मापाच्या तोंडासाठी सहा सेंटिमीटर वजा करून प्रत्यक्ष लांबी २११ धरावी.

वूफर आठ इंची घ्यावा. त्याच्या पडद्याचे क्षेत्रफळ साधारण २१५ चौरस सेंटिमीटर असते आणि बोगद्याचा छेद त्याच्या सव्वा ते दीडपट ठेवला तर काम भागते. येथे २४ बाय १२.५, म्हणजे ३०० चौरस सेंटिमीटर धरले आहे. वूफरची एफएस (पडद्याची मोकळ्या हवेतली नैसर्गिक कंप्रता) ३० ते ४० हर्ट्‌झ, क्यूटीएस (पडद्याचे हलणे किती लवकर शमते ते सांगणारा आकडा) ०.३५ ते ०.५ आणि एकूण खोली ११ सेंटिमीटरच्या आत असावी, म्हणजे चुंबकामागे हवेला वाट उरते. मुंबईत इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार असलेल्या लॅमिंग्टन रोडवर डब्यावर ‘१००० वॅट’ छापलेले वूफर भरपूर मिळतात, पण ज्याचे मापपत्रक दुकानदाराला दाखवता येत नाही तो कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये. वॅटच्या आकड्यावरून पेटीचे एकही माप निघत नाही.

बोगदा एकदाच दुमडावा. पेटीची आतली उंची १०४, रुंदी २४ आणि खोली २६.८ सेंटिमीटर ठेवून मधोमध ९१.५ सेंटिमीटर उंचीची फळी तळावर उभी करावी, म्हणजे तिच्या माथ्यावर १२.५ सेंटिमीटरची वाट राहते. पुढचा कप्पा खाली बंद असतो, हवा त्यातून वर चढते, वळसा घेते, मागच्या कप्प्यातून उतरते आणि मागच्या फळीच्या तळाशी ठेवलेल्या १२.५ सेंटिमीटर उंच फटीतून बाहेर पडते. ही सारी वाट बोगद्याच्या मध्यरेषेवरून मोजायची असते. माझ्या पहिल्या पेटीत मी टेप बाहेरच्या भिंतीला लावून धरला, त्यामुळे वळणांपाशी जास्तीचे तेवीस सेंटिमीटर कागदावर आले आणि पेटी ४० ऐवजी ४५ हर्ट्‌झवर बोलू लागली. वळणांच्या कोपऱ्यांत तिरप्या पट्ट्या बसवण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. ४० हर्ट्‌झची तरंगलांबी ८.७ मीटर असते, तिला त्या कोपऱ्याची दखलही नसते.

वूफर कोठे बसवावा, हा या आखणीतला खरा कळीचा मुद्दा आहे. असा बोगदा मूळ कंप्रतेच्या तिप्पट, पाचपट अशा विषम पटींनाही घुमतो, आणि त्यांतली १२० हर्ट्‌झची घूम गाण्यात सर्वांत जास्त खटकते. बंद टोकापासून एक तृतीयांश अंतरावर या घुमेचा दाब शून्य असतो. तेथे बसवलेला वूफर तिला उठवूच शकत नाही. म्हणून पुढच्या फळीवर वूफरचे केंद्र आतल्या तळापासून ७० सेंटिमीटरवर घ्यावे. वेगळा वूफर वापरणार असाल तर डेव्हिड मॅकबीन यांच्या हॉर्नरेस्प या मोफत संगणक प्रणालीत आकडे भरून आलेख पाहावा आणि मगच करवत चालवावी.

पेटी १८ मिलिमीटरच्या प्लायवूडची करावी. एमडीएफ कापायला गुळगुळीत असते, परंतु जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत त्याच्या उघड्या कडा फुगतात. दोन बाजू १०७.६ बाय ३०.४, पुढची फळी १०७.६ बाय २४, मागची फळी फटीपुरती आखूड म्हणजे ९३.३ बाय २४, मधली ९१.५ बाय २४ आणि माथा व तळ प्रत्येकी २४ बाय २६.८ सेंटिमीटर, असे सर्व भाग आठ बाय चारच्या एका शीटमध्ये बसून उरतात. अख्खे शीट इमारतीच्या लिफ्टमध्ये मावत नाही, तेव्हा दुकानातच मशीनवर कापून घ्यावे. तिथली काटकोनातली कड हातकरवतीने सहसा साधत नाही.

जोडणी करताना एका बाजूची फळी जमिनीवर आडवी ठेवून तिच्यावर मधल्या फळीची जागा पेन्सिलने आखावी, गुण्या लावत एकेक भाग फेव्हिकॉल आणि स्क्रूने उभा करावा आणि दुसरी बाजू तूर्त फोमची पट्टी लावून केवळ स्क्रूंनी बसवावी, कारण ती पुन्हा उघडावी लागणार आहे. मधल्या फळीच्या कडेला फट राहिली तर हवा मधूनच पळवाट काढते आणि सारे गणित वाया जाते. प्रत्येक सांध्यावर आतून बोटाने फेव्हिकॉलची रेघ ओढावी.

आता चाचणी. ॲम्प्लिफायर आणि वूफर यांच्यामध्ये १०० ओहमचा दोन वॅटचा रेझिस्टर जोडावा, फोनवरच्या टोन ॲपने २० ते १०० हर्ट्‌झपर्यंत एकेक हर्ट्‌झने वर जावे आणि वूफरच्या टोकांवरचा व्होल्टेज एसी मिलिव्होल्ट दाखवणाऱ्या मल्टिमीटरने लिहून काढावा. दोन शिखरे आणि त्यांच्यामधली दरी दिसेल. ती दरी जेथे, तेथे पेटीचा सूर. सूर थोडा वर लागला असेल तर तोंडावर पट्टी मारून फट किंचित लहान केल्याने तो खाली येतो.

सूर जुळल्यावर बाजू उघडून उशांत भरतात तो पॉलिएस्टरचा कापूस हाताने पिंजून बंद टोकापासून दोन तृतीयांश वाटेत भरावा. लिटरमागे आठ ग्रॅम या हिशेबाने ३०० ते ३५० ग्रॅम लागतो. तोंडाकडचा भाग मोकळा सोडावा आणि चुंबकाच्या मागे कापूस दाबू नये. मग बाजू चिकटवून कायमची बंद करावी.

क्रॉसओव्हर, म्हणजे ज्या कंप्रतेच्या वरचा आवाज सबवूफरकडे पाठवायचा नाही ती सीमा, ८० हर्ट्‌झवर ठेवावा. ३० हर्ट्‌झच्या खालचा आवाज फिल्टरने तोडावा, कारण पेटीच्या सुराखाली वूफरला हवेचा आधार राहत नाही आणि पडदा प्रमाणाबाहेर हलू लागतो. पेटीचे तोंड भिंतीपासून वीतभर तरी दूर असावे, खाली जाड रबराचे तुकडे द्यावेत. दहा बाय बाराची खोली स्वतःच ४७ आणि ५७ हर्ट्‌झच्या आसपास घुमते, म्हणून पेटी कोपऱ्यात ठेवल्यावर खर्ज फुगलेला वाटला तर ती भिंतीलगत हातभर सरकवून पाहावी. शेवटी टोन ॲप हळूहळू ३० पासून १०० पर्यंत न्यावे आणि खोलीत काय काय वाजते ते ऐकावे. आमच्याकडे ४८ हर्ट्‌झला स्वयंपाकघरातल्या मांडणीवरचे स्टीलचे डबे एकमेकांवर थरथरत होते, आणि त्यांच्यामध्ये जुन्या चादरीचे तुकडे सारेपर्यंत तो दोष मी पेटीतच शोधत बसलो होतो.