काकांची लेन्स आणि साडेसत्तावीस मिलिमीटरची रिकामी नळी
मालवणातला काकांचा फोटो स्टुडिओ आवरताना एक जुना झेनिट फिल्म कॅमेरा आणि त्यावरची हेलिऑस ४४-२ लेन्स माझ्या वाट्याला आली. फोकल लेंग्थ ५८ मिमी, जास्तीत जास्त उघडली तर एफ/२. माउंट, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडायची जागा, एम४२: ४२ मिमी व्यासाचे आटे. बरणीच्या झाकणासारखी फिरवून बसवायची.

माझ्याकडे तेव्हा निकॉनचा डीएसएलआर होता. ही लेन्स त्याला जोडायला स्वस्तातलं बिनकाचेचं कडं, म्हणजे अॅडॉप्टर, मागवलं आणि जेटीवर जाऊन समोरच्या सिंधुदुर्गाच्या तटावर फोकस करत बसलो. तट काही स्पष्ट होईना. सव्वातीन मीटरच्या पलीकडचं सगळंच धूसर. लेन्स गेली समजून ती महिनाभर कपाटात टाकली.

चूक हिशोबात होती. लेन्स सेन्सरपासून ठरलेल्या अंतरावर बसली तरच दूरचं स्पष्ट येतं. एम४२ साठी ते ४५.४६ मिमी आणि निकॉनच्या एफ माउंटचं ४६.५. अॅडॉप्टर कितीही पातळ घ्या, लेन्स मिलिमीटरभर पुढेच राहणार. मध्ये काच असलेले अॅडॉप्टर मिळतात, पण ती काच चित्र बिघडवते, मी घेत नाही. कॅननचं ईएफ माउंट ४४ मिमीचं, तिथे पातळ कडं चालतं. खरी सोय मिररलेसवर, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांवर: सोनी ई १८ मिमी, निकॉन झेड १६. सोनीसाठी उरतात साधारण साडेसत्तावीस मिमी, आणि अॅडॉप्टर म्हणजे तेवढ्या लांबीची नुसती पोकळ नळी. पुढे सोनी घेतला आणि तोच तट दगड न् दगड दिसला.

नळी आली की आधी रिकामी कॅमेऱ्यावर बसवून हलवून पाहा. डगडगली तर परत करा. लेन्स फिरवून बसवल्यावर आकडे वर न येता बाजूला गेले तर नळीवरचे तीन बारीक स्क्रू सैल करून आतलं कडं फिरवा. सगळ्याच नळ्यांना ते नसतात.

मेन्यूत ‘लेन्सशिवाय शटर’ चालू करा, नाहीतर बटण दाबून कॅमेरा ढिम्म हलणार नाही. कॅमेऱ्यात स्थिरीकरण (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी सोय) असेल तर फोकल लेंग्थ म्हणून ५८ हाच आकडा भरा. एपीएस-सी, म्हणजे लहान सेन्सर असला तरी दीडपट करून ८७ नाही. मोड ए (अॅपर्चर आपण ठरवायचं) किंवा एम (सगळंच आपण ठरवायचं).

हेलिऑसला अॅपर्चरची, म्हणजे उजेड आत घेणाऱ्या भोकाची, दोन कडी आहेत. एकावर हवा तो आकडा ठरवायचा, दुसऱ्याने उघडझाप. पूर्ण उघडून, चित्र मोठं करून फोकस करा आणि मग दुसरं कडं थांबेल तिथपर्यंत मिटा. मी रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढण्याचे, फोटो एफ/५.६ वर काढतो; भोक लहान असलं की पुढचं-मागचं जास्त स्पष्ट येतं. माणसं दोर ओढत मागे सरकत असतात, तेवढी सूट लागते.

किनाऱ्यावर वाऱ्यात लेन्स बदलू नका. रेती सेन्सरवर बसते. मी गाडीत बसून काचा वर करतो.

आपल्याकडे खरी काळजी बुरशीची. लेन्स पूर्ण उघडून मागून टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर विकत घेऊ नका. घरची लेन्स चामड्याच्या पाउचमध्ये ठेवू नका, तो ओल धरतो. हवाबंद डबा आणि सिलिका जेल पुरे. मिरगाच्या आधी पुड्या बदलायच्या. आमची काकू त्या पुड्या सुकटीच्या डब्यासाठी मागते, म्हणून मी चार जास्तच आणतो.