कॅलगरीत नवीन आहात? घर घेण्याआधी रूळ बघा

गेल्या दोन वर्षांत आमच्या ओळखीतली सात कुटुंबं कॅनडात, अल्बर्टा प्रांतातल्या कॅलगरीत आली. काही थेट पुण्या-नाशकाहून, काही टोरांटोच्या बाजूची घरं परवडेनात म्हणून. सातांपैकी पाच जणांनी वर्षाच्या आत घर बुक केलं. त्यातल्या तिघांनी तीच चूक केली जी आम्ही २०१६ साली केली होती: नकाशावरच्या ट्रेनच्या भरवशावर शहराच्या टोकाला घर घेतलं. तिसऱ्या घराच्या वास्तुशांतीला गेले, तिथे ताईंनी कौतुकानं खिडकीतून मोकळं माळरान दाखवलं आणि म्हणाल्या, "इथे शाळा होणार, तिथे ट्रेनचं स्टेशन." मला पेढा गोड लागेना. घरी आल्या आल्या लिहायला बसले.

आधी पत्त्याचं सांगते. शहराचे चार भाग: नॉर्थईस्ट, नॉर्थवेस्ट, साउथईस्ट, साउथवेस्ट. स्ट्रीट उत्तर-दक्षिण, अव्हेन्यू पूर्व-पश्चिम. पत्त्याच्या शेवटची दोन अक्षरं कधीही गाळू नका, कारण सतरावी अव्हेन्यू साउथवेस्टलाही आहे आणि साउथईस्टलाही. नव्या वस्त्यांत तर सगळ्या गल्ल्यांची नावं एकाच शब्दानं सुरू होतात. सॅडलब्रुक, सॅडलक्रेस्ट, सॅडलमाँट. इंटरव्ह्यूला किंवा घर बघायला जाताना पूर्ण पत्ता लिहून घ्या.

आता मुख्य गोष्ट. हे शहर माळावर पसरतं. समुद्र नाही, डोंगर तासाभराच्या अंतरावर, त्यामुळे अडवायला काही नाही. टोकाला शेत असतं, दोन वर्षांनी तिथे हजार घरं उभी राहतात. घरं बिल्डर बांधतो आणि भराभर बांधतो. शाळा, दवाखाना, ग्रंथालय, ट्रेन हे सगळं सरकारच्या पैशातून होतं आणि ते घरांच्या मागून येतं. किती मागून, ते कुणीच सांगू शकत नाही. शो होममध्ये, म्हणजे बिल्डरच्या नमुना-घरात, भिंतीवर जो रंगीत नकाशा लावलेला असतो त्यात मात्र हे सगळं आजच उभं असल्यासारखं दिसतं.

आमचं काय झालं ते सविस्तर सांगते. २०१५च्या जुलैत केंद्र सरकारनं ग्रीन लाइन नावाच्या नव्या ट्रेनमार्गासाठी दीड अब्ज डॉलर देऊ केले. उत्तर टोकापासून डाउनटाउनमार्गे साउथईस्टच्या सीटनपर्यंत ४६ किलोमीटर असा तो आराखडा होता. तेलाचे भाव पडलेले, नवऱ्याच्या ऑफिसात माणसं कमी होत होती, तरी त्याची नोकरी टिकली होती आणि घरांच्या किमती खाली आल्या होत्या. २०१६च्या वसंतात आम्ही उत्तर टोकाला नवीन घर घेतलं. विक्री करणाऱ्या माणसानं नकाशावर बोट ठेवून सांगितलं की काही वर्षांत तुम्ही चालत स्टेशनला जाल. कागदावर त्यानं तसं काहीच लिहून दिलं नव्हतं, आणि आम्ही मागितलंही नाही. एका गाडीत भागवू, ट्रेन आली की दोघंही ट्रेननं जाऊ, या हिशेबावर आम्ही ऐपतीपेक्षा मोठं मॉर्गेज, म्हणजे गृहकर्ज, घेतलं.

२०१७ साली खर्चाचे खरे आकडे आले. पहिल्या टप्प्यात फक्त २० किलोमीटर, खर्च ४.६५ अब्ज. आणि तो टप्पा उत्तरेकडे सोळाव्या अव्हेन्यूला थांबणार. आमचं घर तिथून कितीतरी वर. पुढचं तुम्ही बातम्यांत वाचलंच असेल: २०२४च्या जुलैत तो टप्पा आणखी कापला, सुमारे १० किलोमीटरसाठी ६.२ अब्ज, सप्टेंबरात प्रांत सरकारनं पाठिंबा काढला, मग पुन्हा वाटाघाटी, आणि २०२५ साली साउथईस्टच्या भागाचं काम सुरू झालं. उत्तरेला आजही रूळ नाहीत.

आमच्यासाठी याचा अर्थ असा झाला. दुसरी गाडी. तिचा विमा, जो इथे नवीन ड्रायव्हरला फार महाग पडतो. डाउनटाउनचं पार्किंग. मी बरेच महिने सेंटर स्ट्रीटवरून जाणारी ३०१ नंबरची बस धरली; बस चांगली आहे, पण उणे तीसमध्ये घरापासून थांब्यापर्यंतची वीस मिनिटांची पायपीट मुलाला घेऊन होत नव्हती. २०१९ साली आम्ही ते घर विकलं. घेतल्या किमतीपेक्षा ३४,००० डॉलर कमी आले, शिवाय पाच वर्षांच्या मुदतीआधी मॉर्गेज मोडल्याचा दंड वेगळा. आठ वर्षं पै-पै करून साठवलेलं त्यात गेलं. आईनं गावाकडचं शेत विकून थोडे पैसे दिले होते, तेही त्यातच होते. ते दुःख अजून गेलेलं नाही.

म्हणून कळकळीनं सांगते, नकाशावरच्या ट्रेनसाठी एक डॉलरही जास्त देऊ नका. रुळावर धावणाऱ्या ट्रेनजवळ घर घ्या, नाहीतर ट्रेन कधीच येणार नाही असं धरून हिशेब करा. आम्ही नंतर नॉर्थईस्टला मार्टिनडेल स्टेशनपासून चालत जाता येईल असं जुनं, लहान घर घेतलं. हे स्टेशन २०१२च्या ऑगस्टमध्ये सॅडलटाउनसोबत सुरू झालं. 'नॉर्थईस्टला नका जाऊ' असं आपल्यातलेच लोक नवीन माणसाच्या कानात सांगतात. तिकडे वस्ती चांगली नाही म्हणे. मला त्याची चीड येते. इथे दुकानात हिरव्या मिरच्या, कढीपत्ता, ताजी मेथी मिळते, शेजारी पंजाबी, फिलिपिनो, इथिओपियन, आणि बर्फ पडला की न सांगता एकमेकांचा फुटपाथ साफ करतात. बर्फ थांबल्यापासून चोवीस तासांत आपल्या घरासमोरचा फुटपाथ साफ करणं हा इथला नियम आहे, हे जाता जाता लक्षात ठेवा.

कोणती गोष्ट कोण बांधतं हे कळलं की निम्मा गोंधळ संपतो. रस्ते, पाणी, ग्रंथालय, पोहण्याचे तलाव शहराकडे. शाळा आणि इस्पितळं प्रांताकडे. ट्रेनसारख्या मोठ्या कामाला शहर, प्रांत आणि केंद्र अशा तिघांचे पैसे लागतात, आणि तिघांच्या निवडणुका वेगवेगळ्या वेळी होतात. तिघांपैकी एकानं हात काढला की काम थांबतं. त्यामुळे 'घोषणा झाली', 'पैसे मंजूर झाले' आणि 'खोदकाम चालू आहे' या तीन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तिसरं वाक्य ऐकलं तरच विश्वास ठेवा, तोही स्वतः जाऊन बघितल्यावर. फूटहिल्स इस्पितळाशेजारचं कॅन्सर केंद्र वर्षानुवर्षं लांबत अखेर २०२४च्या ऑक्टोबरात सुरू झालं. शहराभोवतीचा १०१ किलोमीटरचा स्टोनी ट्रेल रिंगरोड पुरा व्हायला २०२३चा डिसेंबर उजाडला. दोन्ही कामं उत्तम झाली. पण त्यांच्या तारखांवर ज्यांनी आयुष्य आखलं त्यांना वाट बघावी लागली.

शाळेचं तेच. मोकळ्या मैदानावर 'इथे शाळा होणार' अशी पाटी दिसली तर तिचा अर्थ एवढाच की जागा राखून ठेवली आहे. पैसे प्रांतानं द्यायचे असतात. २०२४च्या सप्टेंबरात प्रांतानं शाळांसाठी ८.६ अब्ज डॉलरची योजना जाहीर केली, पण तुमच्या वस्तीचा नंबर त्यात कधी लागेल हे वेगळं. तोवर मूल पिवळ्या बसनं दुसऱ्या वस्तीत जातं. माझा मुलगा पहिलीत रोज चाळीस मिनिटं एका बाजूला असा जात होता. घर बघताना शाळा मंडळाच्या संकेतस्थळावर त्या पत्त्याची शाळा कोणती ते बघा आणि त्या शाळेत फोन करून विचारा की जागा आहे का. भरली असेल तर मुलाला आणखी लांब पाठवतात.

नवीन घरच घ्यायचं असेल तर हे विचारा: जीएसटी ५ टक्के किमतीत धरलाय की वर लागणार? बेसमेंट तयार मिळणार का? कुंपण, अंगण, डेक हे बहुतेक वेळा किमतीत नसतं. वॉरंटी अल्बर्टात कायद्यानं मिळते: साहित्य आणि कारागिरी १ वर्ष, प्लंबिंग, वीज, हीटिंगच्या जोडण्या २ वर्षं, बाहेरचं आवरण ५ वर्षं, मूळ ढाचा १० वर्षं. पहिलं वर्ष संपायच्या महिनाभर आधी घराचा कोपरा न् कोपरा बघून सगळ्या तक्रारी लेखी द्या. तोंडी सांगितलेलं इथे कुणी धरत नाही. माणसं हसतमुख आणि सौजन्यानं बोलणारी असतात, त्यामुळे आपल्याला वाटतं काम झालं. होत नाही. ईमेल पाठवा.

आणि गारा. गावाकडे गारा पडल्या की आपण वेचायला धावायचो, इथे त्या वेगळ्याच असतात. १३ जून २०२० च्या संध्याकाळी नॉर्थईस्टवर जी गारपीट झाली तिनं आमच्या घराच्या एका बाजूचं सगळं साइडिंग, म्हणजे भिंतीवरचं बाहेरचं आवरण, चाळणीसारखं केलं आणि गाडीची काच फोडली. त्या एका वादळात एक अब्ज डॉलरहून जास्त रकमेचे विमा दावे झाले, आणि २०२४च्या ऑगस्टमध्ये त्याहून मोठी गारपीट झाली. विमा घेताना गारांसाठी वेगळी वजावट (नुकसानीतली आपण स्वतः भरायची रक्कम) आहे का, छताची पूर्ण किंमत मिळणार की जुनं म्हणून कमी, हे दोन प्रश्न विचाराच. वादळानंतर दुसऱ्याच दिवशी दारावर छतवाले येतात, 'आजच सही करा, विमा कंपनीशी आम्ही बोलतो' म्हणतात. सही करू नका. आमच्या गल्लीत एका आजीनं केली आणि आगाऊ दिलेले पैसे परत मिळाले नाहीत.

इतकं सगळं वाचून वाटेल की मला हे शहर आवडत नाही. तसं नाही. पहिल्याच आठवड्यात सेंट्रल लायब्ररीत जा. १ नोव्हेंबर २०१८ ला उघडली, २४.५ कोटी डॉलरची इमारत, नॉर्वेच्या स्नोहेट्टा या वास्तुकारांनी इथल्या डायलॉग या संस्थेसोबत आखली. जागा अशी की तिच्यातून ट्रेनचे रूळ जातात, म्हणून आधी रुळांवर कवच घातलं आणि वर इमारत उभी केली. प्रवेशाशी देवदार लाकडाची मोठी कमान आहे, हिवाळ्यात डोंगरांकडून चिनूक नावाचा उबदार वारा सुटला की पश्चिमेला आभाळात ढगांची जी कमान दिसते तशी. माझी आई २०१९ साली आली तेव्हा तिला इंग्रजी फारसं येत नव्हतं, पण रोज माझ्याबरोबर ट्रेननं यायची आणि मी ऑफिसात असेपर्यंत तिथे बसायची. कुणी एका शब्दानं विचारलं नाही की काय काम आहे. कार्ड फुकट आहे. रेझ्युमे लिहायला मदत, इंग्रजी संभाषणाचे गट, मुलांच्या गोष्टी, सगळं फुकट. आपल्यातले कित्येक जण दहा वर्षं राहून तिथे गेलेले नाहीत आणि इंग्रजीच्या क्लासला पैसे भरतात, याचं फार वाईट वाटतं.

डाउनटाउनमध्ये थंडीत प्लस फिफ्टीनमधून चाला. रस्त्यापासून पंधरा फूट उंचीवरचे पूल इमारतींना जोडतात, सगळं मिळून सुमारे १६ किलोमीटर. सेव्हन्थ अव्हेन्यूवर ट्रेन फुकट आहे, त्यापलीकडे तिकीट हवं. फाटक नसतं म्हणून तिकीट लागत नाही असं समजू नका.

एक गोष्ट आपले लोक करतच नाहीत. वस्तीत एखाद्या रिकाम्या जागी पाटी लागते, काय बांधायचा बेत आहे ते त्यावर लिहिलेलं असतं. ती वाचा. महापालिकेच्या जाहीर सुनावणीत कुणीही पाच मिनिटं बोलू शकतं, त्याला नागरिकत्व लागत नाही. मतदानाला लागतं. २०२४ साली सगळ्या शहरात एका प्लॉटवर जोडघरं, रो-हाउस बांधायला परवानगी द्यायची का यावर सुनावणी झाली, सातशेहून जास्त लोक बोलले, आणि १४ मेला ९ विरुद्ध ६ मतांनी ठराव पास झाला. मी त्या बाजूनं होते, कारण माळावर आणखी पसरत जाण्यापेक्षा जिथे रूळ, पाइप आणि शाळा आहेत तिथेच जास्त घरं व्हावीत असं मला वाटतं. आपल्या मंडळाच्या गणपतीत मात्र जो तो तक्रार करत होता, आणि सुनावणीला जाऊन बोललेलं एकही कुटुंब मला भेटलं नाही. त्याच वर्षी जूनमध्ये शहराचं साठ टक्के पाणी आणणारी मुख्य पाइपलाइन फुटली आणि आम्ही आठवडेच्या आठवडे जपून पाणी वापरलं. टोकाला नवी वस्ती झाली की तिथवरही पाइप न्यावे लागतात, आणि ते पुढे सांभाळायचा खर्च शहरावरच पडतो.

घर बघायला शनिवारी दुपारी जाऊ नका. रिअल्टर, म्हणजे घरांचा दलाल, शनिवारीच बोलावतो. जानेवारीत, मंगळवारी सकाळी साडेसातला त्या घरापासून चालत थांब्यावर जा, बस किंवा ट्रेन धरून ऑफिसपर्यंत पोचा आणि घड्याळ बघा. मुलाची शाळा वाटेत असेल तर तीही करा. कुणी सोबतीला हवं असेल तर मंगळवारी मला सुट्टी असते, मी येते.