लॉकडाऊनमध्ये रोइंगचा सराव : या चुका टाळा

24 मार्च 2020 च्या मध्यरात्री देश बंद झाला. त्याच दिवशी टोकियो ऑलिंपिक पुढे ढकलल्याचीही बातमी आली. माझा धाकटा भाऊ राष्ट्रीय पातळीवर रोइंग करतो. तो चारच दिवस आधी पुण्याहून ठाण्याला घरी आला होता. येताना ओळखीच्या क्लबकडून एर्गो, म्हणजे घरात बसून वल्हवायचं मशीन, दोन तुकडे करून टेम्पोत घालून आणलं होतं. वर्तकनगरच्या आमच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात सोफा भिंतीला सारून ते मांडलं. मी कॉलेजात वल्हवायचो, त्यामुळे स्टॉपवॉच आणि वही माझ्याकडे आली. पुढच्या काही महिन्यांत आमच्या हातून बऱ्याच चुका झाल्या. पावसाळ्यात किंवा दुखापतीमुळे पाण्यात उतरणं बंद झालं तरी रोवर याच चुका करतो, म्हणून लिहितोय.

रोज परीक्षा घेऊ नका

पहिल्याच आठवड्यात त्याने तीन वेळा जीव तोडून 2000 मीटर मारले. "दादा, उद्या पुन्हा काढू, आज दोन सेकंद राहिले." दुसऱ्या आठवड्यात वेळ सुधारायच्या ऐवजी वाढली. सकाळी उठल्या उठल्या मोजलेली नाडी 52 वरून 61 वर गेली, झोप उडाली आणि जेवणावरची वासनाही गेली. सराव कमी पडत नव्हता, जास्त होत होता.

2000 मीटरची शर्यत सहा-सात मिनिटांची असली, तरी त्यातली बहुतेक ताकद प्राणवायूवर चालणाऱ्या इंजिनातून येते. ते इंजिन संथ, लांब सरावानेच वाढतं : मिनिटाला 18 ते 20 स्ट्रोक, तास-सव्वा तास, आणि शेजारी बसलेल्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतकाच जोर. त्या वर्षी कुणालाच घाई नव्हती. अर्जुन लाल जाट आणि अरविंद सिंग ही आपली लाइटवेट, म्हणजे कमी वजनगटातली जोडी टोकियोसाठी पात्र ठरली ती थेट मे 2021 मध्ये. हातात अख्खं वर्ष असताना एप्रिलमध्ये रोज शर्यत मारून काय मिळणार होतं? आम्ही सहा आठवड्यांतून एकच टेस्ट ठेवली. मधल्या दिवसांत वहीत फक्त मिनिटं, नाडी आणि झोप लिहिली.

स्क्रीनवरचा आकडा फसवतो, हेही ध्यानात घ्या. स्प्लिट म्हणजे 500 मीटर कापायला लागणारा वेळ. 2:00 चा स्प्लिट म्हणजे साधारण 203 वॉट, आणि 1:45 चा म्हणजे 302. पंधरा सेकंदांसाठी जवळपास दीडपट ताकद लागते. "थोडंसंच वाढवतो" म्हणताना आपण किती ओढतोय, ते कळतच नाही.

दांडी दहावर लावू नका

मशीनच्या हवा ढकलणाऱ्या चाकाच्या बाजूची दांडी 1 ते 10 आकड्यांवर फिरते. पोरं ती दहावर लावून मर्दुमकी दाखवतात. ती वजन वाढवत नाही, चाकाच्या पिंजऱ्यात किती हवा घ्यायची ते ठरवते. दहावर स्ट्रोक जड आणि मंद होतो आणि सगळा भार कंबरेवर येतो. दांडीचा आकडा बघूच नका, मॉनिटरवर ड्रॅग फॅक्टर, म्हणजे चाकाला हवा किती अडवते त्याचा आकडा, बघा. बहुतेकांना 110 ते 130 पुरतो. घरातल्या मशीनची आणखी एक गंमत : पंख्याची धूळ आणि गादीचा कापूस जाळीत अडकला की हवा आत येत नाही आणि त्याच दांडीवर ड्रॅग उतरतो. आमचं मशीन अचानक हलकं लागायला लागलं, तेव्हा भाऊ खूश झाला होता. जाळी उघडली तर आत बोटभर कापूस.

नाडी वाढली म्हणजे तब्येत ढासळली, असं समजू नका

एप्रिल-मेमध्ये ठाण्याच्या दमटपणात घाम वाळतच नाही. अंग थंड करायला रक्त कातडीकडे वळतं, पाणी कमी होतं, आणि त्याच जोराला अर्ध्या तासाने नाडी दहा-पंधरा ठोक्यांनी वर सरकते. स्प्लिट धरून ठेवायच्या नादात तो संथ सराव कडक सराव होऊन बसतो. अशा वेळी स्प्लिट सोडा, नाडी धरा. सरावाच्या आधी आणि नंतर कोरड्या अंगाने वजन करा. एक किलो उतरलं तर साधारण एक लिटर घाम गेला. भावाचं एका सत्रात सव्वा किलो उतरायचं, सीट सरकते त्या रुळाखालच्या फरशीवर थारोळं साचायचं. आई मीठ घातलेलं लिंबू सरबत आणि पन्हं भरून ठेवायची. नुसतं पाणी पिऊन भागत नव्हतं.

होडी विसरू नका

सगळ्यात महागात पडते ती ही चूक. एर्गो जमिनीला घट्ट असते. तुम्ही सीटवरून पुढे धडाधड घसरलात तरी ती काही बोलत नाही. होडी बोलते. सिंगल स्कलचं, म्हणजे एकट्याने दोन वल्ह्यांनी चालवायच्या होडीचं, किमान वजन 14 किलो, वर माणूस 80 किलोचा. तो घाईने पुढे आला की होडीचा वेग तिथेच मरतो. म्हणून मिनिटाला 20 स्ट्रोक असतील, तर प्रत्येक स्ट्रोकच्या तीन सेकंदांपैकी ओढायला एक आणि परत यायला दोन द्या. आठवड्यातून दोनदा पायांचे पट्टे सोडून वल्हवा. स्ट्रोकच्या शेवटी तोल गेला तर लगेच कळतं की पायांचा जोर सुटल्यावरही पाठ मागे फेकली गेली.

आणि हात. एर्गोला एकच दांडा, त्यामुळे वल्ह्याचं पातं वळवायची बोटांची सवय जाते. भाऊ दोन्ही हातांत एकेक लाटणं धरून टीव्हीसमोर बसायचा. अंगठा टोकाला, मनगट सपाट, लाटणं फक्त बोटांनी फिरवायचं, आणि छातीपाशी येताना डावा हात उजव्याच्या वरून. आईला पोळ्या करायला लाटणं सापडायचं नाही, पण ऑक्टोबरमध्ये पाण्यात उतरल्यावर पहिल्याच दिवशी त्याची पाती स्वच्छ सुटली.

दुखणं दाबू नका

दिवसभर सोफ्यावर वाकून मोबाइल बघायचा आणि संध्याकाळी त्याच वाकलेल्या कंबरेने ओढायचं, याने पाठ धरते. वाकायचं ते खुब्यातून. बरगडीत एका जागी टोचत असेल, खोकताना किंवा कुशीवर वळताना कळ येत असेल, तर त्याच दिवशी मशीन बंद करून डॉक्टरांना दाखवा. रोवरना बरगडीचं स्ट्रेस फ्रॅक्चर होतं आणि ते रेटून नेलं की महिने जातात. तसंच कोविडनंतर : ताप उतरला म्हणून लगेच मशीनवर बसू नका. हृदयाच्या स्नायूला सूज असू शकते. आधी चालणं, मग डॉक्टरांनी हो म्हटल्यावर अगदी हलकं वल्हवणं.

खालच्या मजल्याला विसरू नका

आम्ही पहाटे साडेपाचला सुरू करायचो. तिसऱ्या दिवशी खालच्या काकू दारात आल्या. त्यांचे यजमान नुकतेच आजारातून उठले होते. आम्ही माफी मागितली, मशीनखाली जाड रबराची मॅट घातली, वेळ सकाळी साडेसात केली. पुढे सोसायटीची परवानगी काढून गच्चीवर गेलो, पण जूनमध्ये पाऊस आला आणि साखळीला गंज धरला. तेव्हा रोज रूळ पुसायची आणि साखळीला तेल लावायची सवय लागली. 2 जुलैला ठाण्यात पुन्हा कडक लॉकडाऊन लागला, तेव्हा मशीन परत हॉलमध्ये आलं. पुढे एका सकाळी मशीन बंद होतं, तेव्हा काकूंनीच वर फोन केला, "आज आवाज नाही आला, बरा आहे ना तो?"