जुना ट्रान्समीटर बंद करण्याआधी

इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून मी कोकण किनाऱ्यावरच्या एका तटवर्ती रेडिओ केंद्रात लागलो, तेव्हा व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) जुना एचएफ, म्हणजे दूरवर जाणाऱ्या लघुलहरींचा, ट्रान्समीटर बदलायचं काम निघालं होतं. जुनी पेटी काढायची, नवी बसवायची, एवढंच मला वाटलं होतं. पेटी दोन दिवसांत बसलीसुद्धा.

डमी लोडवर, म्हणजे अँटेनाऐवजी जोडलेल्या चाचणीच्या भारावर, नवा सॉलिड-स्टेट (ट्रान्झिस्टरचा) ट्रान्समीटर पूर्ण पॉवर देई. अँटेना जोडली की एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत फिरते याचं माप) चढायचा आणि ट्रान्समीटर आपोआप पॉवर उतरवायचा. जुना व्हॉल्व्हवाला हेच वर्षानुवर्षं सोसत आला होता, म्हणून कुणाला पत्ताच नव्हता. आम्ही अँटेना जुळवणारा ट्यूनर उघडून बसलो. शेवटी केंद्रातले एक ज्येष्ठ तंत्रज्ञ म्हणाले, "आधी मास्टपाशी खणा रे." जांभ्याच्या मातीतून अर्थच्या (अँटेनाच्या जमिनीतल्या जोडणीच्या) तांब्याच्या तारा वर आल्या, तर जोडांवर हिरवा कळंक चढलेला. एक तार मी नुसती उचलली, ती हातातच तुटली. तेव्हा साइट सर्व्हेला गेलात की आधी अर्थ, फीडर (अँटेनाकडे जाणारी केबल), इन्सुलेटर बघा. रॅक नंतर.

रिसीव्हरचंही तसंच. नव्यात खरखर जास्त येत होती. एकेक उपकरण बंद करत गेलो, तेव्हा शेजारच्या रॅकमधला स्विच-मोड पॉवर सप्लाय सापडला.

जुनं टेंडर जसंच्या तसं उतरवू नका. 1 जानेवारी 2024 पासून सोलास या जहाज-सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या बदलांनुसार संकटकालीन संपर्कासाठी रेडिओ टेलेक्स (रेडिओवरून टाइप केलेले संदेश) सक्तीचा राहिलेला नाही. डीएससी (रेडिओवरून डिजिटल हाक पाठवण्याची पद्धत) मात्र आहे. जीएमडीएसएसचं, म्हणजे समुद्रावरच्या जागतिक संकट-संपर्क यंत्रणेचं, जीओसी हे ऑपरेटरचं प्रमाणपत्रही जमलं तर घ्या. ऑपरेटर पलीकडे काय ऐकतो ते कळल्याशिवाय हे काम नीट होत नाही, असं माझं ठाम मत आहे.

आणि दुपारी घेतलेली चाचणी ही चाचणी नव्हे. दिवसा 12 आणि 16 मेगाहर्ट्झ लांब जातात, रात्री आयनोस्फिअर (रेडिओलहरी परतवणारा वातावरणाचा वरचा थर) बदलतो आणि 4 व 6 वर यावं लागतं. संकटात सापडलेलं जहाज वेळ बघून हाक मारत नाही. म्हणून दोन्ही यंत्रणा आम्ही काही आठवडे शेजारी शेजारी चालवल्या. जहाजं दर आठवड्याला डीएससीचा टेस्ट कॉल करतात. ते सगळे दोन्ही लॉगमध्ये ताडून पाहिले. सुरुवातीला रात्रीचे काही कॉल फक्त जुन्याच लॉगमध्ये दिसत. अर्थचं जाळं नव्यानं अंथरलं, पॉवर सप्लाय बदलला, मग एका पहाटे 8414.5 किलोहर्ट्झवर एका मालवाहू जहाजाचा कॉल दोन्हीकडे उतरला आणि पोच नव्या ट्रान्समीटरनं दिली. तरीही जुन्याचा स्विच आम्ही पावसाळा सरल्यावरच खाली केला.