रिचार्ज भुर्रकन संपतो? घरमालकाच्या प्रीपेड मीटरचा हिशोब असा लावा

नागपूरच्या नंदनवन भागात किरायाने राहत होतो तेव्हा मे महिन्यात ५०० रुपयांचा रिचार्ज आठ दिवसांत उडायचा. घरमालकांना विचारलं तर म्हणाले, "अरे बाप्पा, कूलर काय फुकट चालते काय?" मीही मान डोलावली. हिशोब नंतर सुचला. २०० वॅटचा कूलर रोज १२ तास चालला तर २.४ युनिट होतात. १२ रुपये दराने आठ दिवसांचे २३० रुपये. पंखा, ट्यूबलाइट, मोबाइल असं कितीही धरलं तरी ५०० काही होईना.

तुमचंही असं होत असेल, तर दरावरून भांडायला जाण्याआधी युनिट तपासा.

सगळं बंद करून मीटर बघा. खोलीतलं प्रत्येक बटण बंद, प्लग काढलेले, फ्रिजसुद्धा. आता मीटरवरचा छोटा लाल दिवा पाच मिनिटं बघत बसा. त्याचं एकेक लुकलुकणं म्हणजे विजेचा एकेक ठरावीक तुकडा. माझा दिवा सगळं बंद असतानाही लुकलुकत होता, तोही भराभर. मी जिन्यात उभा. तेवढ्यात वर टाकी भरून पाणी सांडायला लागलं, घरमालकीण काकूंनी खालून मोटर बंद केली आणि दिवा थांबला. बोअरची मोटर माझ्या मीटरवर होती! जिन्यातला दिवा, गेटचा बल्ब, वरच्या मजल्याचा गिझर, काहीही जोडलेलं असू शकतं. याचा व्हिडिओ काढून ठेवा.

मग मीटर जोरात पळतो का ते पाहा. मीटरवर १६०० किंवा ३२०० असा आकडा छापलेला असतो. एका युनिटला दिवा तेवढ्या वेळा लुकलुकतो. प्लास्टिकच्या बादलीत १५०० वॅटचा हीटर रॉड लावा, बाकी सगळं बंद. १६०० च्या मीटरवर मिनिटाला साधारण ४० वेळा, ३२०० च्या मीटरवर ८० वेळा लुकलुकायला हवं. व्होल्टेजमुळे थोडं इकडेतिकडे होतंच. ४० चे ६० झाले तर मात्र गडबड आहे. रॉड चालू असताना पाण्यात हात घालू नका, हे सांगायची गरज नाही, तरी सांगतो.

आता दर. प्रीपेड सब-मीटरमध्ये, म्हणजे महावितरणच्या मीटरपुढे घरमालकाने लावलेल्या खासगी मीटरमध्ये, दर घरमालक किंवा त्याचा मीटरवाला टाकतो. सकाळी शिल्लक रक्कम आणि युनिट दोन्हींचा फोटो घ्या, रात्री पुन्हा घ्या. कापलेल्या रकमेला वापरलेल्या युनिटने भागा, खरा दर निघेल. पोळ्याला गावी जाताना मेन स्विच पाडून फोटो घ्या. परत आल्यावर युनिट तेवढेच असून शिल्लक घटलेली दिसली, तर रोजचा ठरावीक आकारही कापला जातोय.

महावितरणचं मूळ बिल मागा. इथे घरमालकाचीही बाजू समजून घ्या. घरगुती दर टप्प्यांचे असतात: १०० युनिटपर्यंत स्वस्त, पुढे ३०० आणि ५०० ला चढत जातात. चार खोल्या एकाच मीटरवर असल्या की सगळ्यांचे युनिट एकत्र होऊन वरच्या टप्प्यात जातात. वर स्थिर आकार आणि १६ टक्के वीज शुल्क. त्यामुळे १२ रुपये दर ऐकून लगेच 'लूट' म्हणू नका. समजा बिल ३५० युनिटचं आणि ४,२०० रुपयांचं आहे, तर सरासरी १२ रुपयेच पडते. तुमच्या ९० युनिटचे १,०८० झाले. मीटर १५ ने कापत असेल तर जास्तीचे २७० कुठे गेले, ते विचारा.

बिलातली मागची थकबाकी आणि तिचं व्याज आधी वजा करा. सुरक्षा ठेवही तुमच्या माथी नको. ती घरमालकाच्या नावावर जमा राहते.

बोलणं लेखी करा. फोटो, भागाकार आणि "काका, यातलं काय चुकतंय ते सांगा" एवढंच व्हॉट्सॲपवर पाठवा. आवाज चढवलात की विषय मीटरवरून तुमच्या संस्कारांवर जातो.

ऐकलं नाही तर? महावितरणच्या १९१२ वर फोन केला तर बहुतेक 'हा तुमचा खासगी मामला' असं ऐकावं लागेल, कारण त्यांचा ग्राहक घरमालक आहे. त्यापेक्षा स्वतःच्या नावाने मीटर मागा. विद्युत कायदा २००३ च्या कलम ४३ नुसार मालकाइतकाच जागेत राहणाराही वीजजोडणीसाठी अर्ज करू शकतो. घरमालक ना-हरकत देत नाही म्हणून भाडेकरूला वीज नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं आहे. करारनामा जवळ ठेवा, ताबा त्यावरून दिसतो. तुम्ही एकटेच ९० युनिट वापरत असाल तर स्वस्त टप्प्यातच राहाल.

रागाने कुणी वीज तोडलीच, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम २९ भाडेकरूच्या बाजूने आहे. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा. महिलांना तिथे उत्पन्न न बघता मोफत मदत मिळते.

माझ्या बाबतीत काकांनी व्हिडिओ दोनदा पाहिला, वायरमनला शिव्या घातल्या आणि मोटरची वायर आपल्या मीटरवर घेतली. मागचे पैसे काही परत आले नाहीत. त्या महिन्याचे पाण्याचे दीडशे रुपये तेवढे मागितले नाहीत.