कूलरमागचं मातीचं घर: खरवडण्याआधी काय पाहायचं, कसं नोंदवायचं

होळी झाली की माझा फोन थांबत नाही. एकवीस वर्षं मी नागपुरात कूलरचं काम करतो. पंप बदलायचा, मोटर वाइंडिंगला द्यायची, नवीन गवत भरायचं. धरमपेठ असो की वाठोडा, कूलरवरचं प्लास्टिक काढलं की मोटरच्या पायाला, जाळीच्या कोपऱ्यात, स्क्रूच्या भोकात वाळलेला चिखल असतोच. ते कुंभारीण माशीचं घर. "भाऊ, आधी ते खरवडा," असं काकू सांगतात. मीही कितीतरी वर्षं पेचकस घालून फोडत आलो. एकदा मानेवाड्याला असाच गोळा फुटला आणि तळहातावर दहा-बारा कोळी पडले. मेलेले वाटले, पण एकाचा पाय हळूच हलला. त्यांच्यात एक पिवळसर अळी होती, एका कोळ्याच्या पोटाला तोंड लावून बसलेली. तेव्हापासून मी आधी बघतो, मग पेचकस काढतो.

पहिलं भीतीचं सांगतो. कागदासारखं, उघड्या खोल्यांचं पोळं लटकत असेल तर ते गांधीलमाश्यांचं. त्या एकत्र राहतात, घर राखतात, तिथून मागे सरका. मातीचं घर करणारी कुंभारीण मात्र एकटी. तिला राणी नाही, कामकरी नाहीत, पहारा नाही. हाताखाली दाबली गेली तरच ती डंख मारते. मला गांधीलमाशी चारदा चावली, कुंभारीण एकदाही नाही.

आता आकार बघा. बोटाच्या पेराएवढ्या नळ्या एकमेकींना लागून आणि वरून सगळ्यावर लिंपण असेल, तर ती स्केलिफ्रॉन (ही नावं शास्त्रीय आहेत): काळी, पायांवर पिवळं, कंबर दोऱ्यासारखी. पिल्लांना खायला तिच्या घरात कोळीच भरलेले असणार. गोल मडकं आणि त्याला वळवलेली कड असेल तर ती डेल्टासारखी कुंभारीण. ती आधी रिकाम्या मडक्यात बारीक धाग्यानं अंडं टांगते, मग पानं खाणाऱ्या अळ्या आणून भरते आणि तोंड लिंपते. भोक नुसतंच मातीनं बुजवलेलं असेल तर बहुधा रिंकियमसारखी दुसरी एखादी, तीही अळ्याच आणते. भोकातून गवताच्या काड्या बाहेर आल्या असतील तर आयसोडोंशिया. तिची शिकार रातकिडे आणि त्यांचे भाऊबंद. आणि पानाचे गोल तुकडे गुंडाळलेले दिसले तर ती गांधीलवर्गातली नव्हेच, पानं कापणारी एकांडी मधमाशी आहे. तिथं शिकार नसते, पराग असतो.

माशी समोर बसलेली असेल तर पंख बघा. मडकं करणारी बसल्यावर पंख उभे दुमडते, ते अरुंद पट्टीसारखे दिसतात. स्केलिफ्रॉनचे पंख तसे दुमडत नाहीत.

मला सगळ्यात आवडतं ते पाहायला एप्रिल-मे हवा. ऊन पंचेचाळीसला टेकलेलं, आसपास सगळं कोरडं, आणि कूलरच्या टाकीतून गळणाऱ्या पाण्यानं खाली हातभर ओल झालेली. तिथं सकाळी स्टूल टाकून अर्धा तास बसा. स्केलिफ्रॉन थेट चिखलावर उतरते, डोकं खाली घालून गुणगुणत जबड्यानं वाटाण्याहून लहान गोळी वळते आणि ती घेऊन उडते. मडकं करणारी मात्र चिखलाकडे बघतही नाही. ती पाणी पिते, पोटात भरून कोरड्या मातीच्या ढेकळावर जाते, तिथं पाणी सोडून स्वतःचा चिखल कालवते. एकीला तयार गारा लागतो, दुसरी गारा स्वतः करते. हे एकदा दिसलं की दोघींत पुन्हा गोंधळ होत नाही.

म्हणून मातीचा रंगही लिहून ठेवा. हिंगण्याकडच्या एका घरट्यात अर्ध्या नळ्या काळ्या मातीच्या होत्या, पुढच्या तांबूस मुरमाच्या. शेजारी घराचा पाया खणायला लागले होते, तिनं खाण बदलली होती.

कूलर चालवायला घरटं काढावंच लागत असेल तर पेचकस नको. पुट्टीची पातळ पट्टी सपाट धरून मागून सरकवा, अख्खं निघतं. रुंद तोंडाच्या बरणीत ठेवा, वर मलमलचा तुकडा रबरानं बांधा, सावलीत ठेवा. झाकण घट्ट लावू नका, पाणी शिंपडू नका. माझ्या पहिल्या बरणीला मी झाकण लावलं होतं. आत बुरशी धरली आणि पाचही पिल्लं गेली. ते मला अजून लागतं. उन्हाळ्या-पावसाळ्यात काही आठवड्यांत माशी बाहेर येते, पण थंडीत आतली अळी महिनोन्महिने तशीच पडून राहते. ती मेली समजून फेकू नका.

बाहेर कोण येतं ते लिहा, कारण ते नेहमी घरमालकीणच असते असं नाही. एकदा माझ्या बरणीत हिरवी-निळी, धातूसारखी चमकणारी माशी आली. ती स्टिलबम, दुसरीच्या घरात अंडं घालते आणि डिवचलं तर गोळा होते. खोलीला एक मोठं गोल भोक असेल तर एकच माशी निघाली. टाचणीएवढं बारीक भोक असेल तर आत परजीवी शिरले होते. आई सांगायची, कुंभारीण अळीला कोंडते, गुणगुणते आणि अळीची कुंभारीण होते. अवधूताच्या चोवीस गुरूंतही ती आहेच. बरणीत दिसतं की अळी बदलत नाही, खाल्ली जाते. पण अळी आत गेली आणि माशी बाहेर आली, हे ज्यानं पाहिलं त्यानं बंद मडक्याची वाट धीरानं पाहिली होती.

वहीत तारीख, वस्ती, जमिनीपासूनची उंची, कोणत्या दिशेची भिंत, कशावर चिकटलं, आत काय, एवढं पुरे. फोटो वरून, बाजूनं आणि शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून काढा, आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या वेबसाइटवर टाका. कीटकतज्ज्ञ बिंगहॅमनं 1897 साली ब्रिटिश भारतातल्या गांधीलमाश्या आणि मधमाश्यांचा मोठा ग्रंथ केला तो मारलेल्या, टाचणीला लावलेल्या नमुन्यांवर. आपल्याला मारायची गरज नाही.

कूलर नसेल तर बुरडाकडून बांबूच्या वीतभर कांड्या आणा, एक टोक पेरानं बंद राहील अशा कापा. भोकं 4 ते 12 मिलिमीटर, वेगवेगळी असू द्या. जाडीप्रमाणे भाडेकरू बदलतात. पंधरा-वीस बांधून पूर्वेकडे, पावसाचं पाणी लागणार नाही अशी आडवी टांगा. रेतीचा ढीग असेल तिथंही थांबा, बेंबिक्स नावाची एकांडी गांधील अशा रेतीत बीळ करते आणि घरमाशीसारख्या माशा धरून आणते.

आणि एक ओळ मी चार वर्षं लिहिली नव्हती, ती तुम्ही पहिल्या दिवसापासून लिहा: कूलर उघडला, घरटं नाही. माझ्या वहीत मानेवाडा भरलेला आहे आणि कामठी रस्ता कोरा. तिकडे कुंभारणी नाहीत असं नाही, तिकडचं काम माझा चुलतभाऊ करतो. या मार्चला त्यालाही वही दिली आहे.